आधी तिच्या हातचा चहा घ्या: इंदुरात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये सेवा कशी करावी

पुण्याची बुधवार पेठ किंवा मुंबईचा कामाठीपुरा जशी बोट दाखवून सांगता येते, तशी एक वस्ती इंदुरात नाही. धंदा भाड्याच्या खोल्यांत, लॉजवर आणि आता बराचसा मोबाइलवर चालतो. एका गल्लीत दोन घरं असतात, पुढच्या चार गल्ल्यांत एकही नसतं. अशा ठिकाणी चर्चच्या मंडळीतल्या पाच-सहा जणी पत्रकं घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, गाणी म्हटली, की शेजारपाजाऱ्यांची नजर त्या घराकडे वळते आणि घरमालक त्या बाईला खोली रिकामी करायला सांगतो. सेवा करायला गेलो आणि तिचं छप्पर घालवून आलो, असं होतं. म्हणून या कामाची सुरुवात बाहेर उभं राहून होत नाही. आत बोलावणं यावं लागतं, आणि त्याला तीन ते सहा महिने द्यावे लागतात.

कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदुरात काम सुरू केलं, तेव्हापासून इथल्या मंडळ्यांना दवाखाना आणि शाळा चालवायची सवय आहे. मराठी ख्रिस्ती माणसाला तर पंडिता रमाबाईंचं केडगाव वेगळं सांगायला नको. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी तिथे ‘कृपा सदन’ होतं. तरीही या सेवेला मंडळीचा पाठिंबा मिळवताना पाळकांशी आणि पंच कमिटीशी एक गोष्ट पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोलून घ्या: अहवालात बाप्तिस्म्याचा आकडा मागायचा नाही. आकडा मागितला की जाणाऱ्या बहिणीच्या बोलण्यात घाई येते, आणि घाईने आलेला माणूस या स्त्रियांना लांबून ओळखू येतो. घाईची माणसं त्यांच्याकडे रोजच येतात.

कायदा आधी वाचा

मध्य प्रदेशात २०२१ चा धर्म स्वातंत्र्य कायदा लागू आहे. त्यात प्रलोभनाची व्याख्या मोठी आहे: भेटवस्तू, रोख रक्कम, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नावाजलेल्या शाळेत प्रवेश, चांगल्या राहणीमानाचं आमिष, हे सगळं तिच्यात येतं. ज्याच्या बाबतीत गुन्हा घडला ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती असेल, तर शिक्षा दोन ते दहा वर्षं आणि दंड किमान ५०,००० रुपये. आमिष नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. स्वेच्छेने धर्म बदलायचा असेल, तरी जिल्हाधिकाऱ्यांकडे ६० दिवस आधी सूचना द्यावी, असं कायदा म्हणतो. बदलणाऱ्यानेही आणि विधी करणाऱ्यानेही.

हा कायदा नसता तरी आपला नियम हाच असायला हवा होता. पाव मिळावा म्हणून प्रार्थनेला बसणारी बाई ख्रिस्ताजवळ येत नाही, पावाजवळ येते, आणि तिला तसं बसायला लावणं हा तिचा अपमान आहे. म्हणून मदत आणि विश्वास यांची गाठ कुठेच बांधायची नाही. जिने प्रार्थना नको म्हटलं तिलाही दवाखान्यात तितक्याच तत्परतेने न्यायचं. वह्या-दप्तरं वाटताना त्यांत पत्रक घालायचं नाही. वैद्यकीय मदतीचा दिवस आणि बायबलवर बोलायचा दिवस वेगळे ठेवा, शक्य असेल तर माणसंही वेगळी ठेवा.

आपली ओळख मात्र पहिल्या दिवशीच द्या. ‘समाजसेविका’ म्हणून शिरायचं आणि सहा महिन्यांनी बायबल काढायचं, ही फसवणूक आहे. इंदुरात बोलणं हिंदीतच होणार, तेव्हा सरळ म्हणा, ‘दीदी, हम चर्च से हैं, मिलने आए हैं। आप मना करेंगी तो भी कोई बात नहीं।’ ती ‘नको’ म्हणाली तर हसून निघा. पुढच्या वेळी फक्त नमस्कार करा.

कोणी जायचं, केव्हा जायचं

एका वेळी दोन स्त्रिया. त्याच दोघी, त्याच वारी, त्याच वेळी. तिसरी व्यक्ती गल्लीबाहेर, फोन चालू ठेवून. बाहेर थांबायचं हे काम पुरुषाने केलं तरी चालेल. आत पुरुष नको, पाळकसुद्धा नकोत, निदान पहिलं वर्ष. कितीही सज्जन माणूस असला तरी त्या दारातून आत शिरणारा पुरुष गिऱ्हाईकच दिसतो, आणि त्याच्याबद्दल एक अफवा उठली तर सगळं काम बसतं.

वेळ दुपारी साडेबारा ते तीन. रात्री उशिरापर्यंत जागलेल्या बायका अकरापर्यंत झोपतात, मग अंघोळ, स्वयंपाक. चारनंतर नट्टापट्टा आणि फोन सुरू. या मधल्या अडीच तासांत त्या स्वतःच्या असतात. पगाराचा पहिला आठवडा आणि शनिवार-रविवार टाळा. एका घरी पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका. तुम्ही बसलेल्या असताना गिऱ्हाईक आलं तर कारण न देता उठा. त्याच्याकडे रोखून बघू नका, तिला लाजवेल असा चेहरा करू नका.

दोघींपैकी एक आजारी पडली तर एकटीने जाऊ नका, पण निरोप द्या. न सांगता बुडवलेली एक भेट दहा भेटींचं काम पुसते, कारण ‘येते’ म्हणून न आलेली माणसं त्यांच्या आयुष्यात आधीच पुष्कळ असतात.

पिशवीत एवढंच: ओआरएसची पाच पाकिटं (एक पाकीट एक लिटर पाण्यात), दोन पाकिटं सॅनिटरी पॅड, एक छोटी वही, आणि बसच्या तिकिटाएवढं कार्ड. कार्डावर हिंदीत फक्त क्रमांक: ११२ पोलीस, १८१ महिला हेल्पलाइन, १०९८ मुलांसाठी, १०९७ एचआयव्हीची माहिती, १५१०० मोफत कायदेशीर मदत. चर्चचं नाव नको, ‘पीडित महिला’ असले शब्द तर नकोतच. हे कार्ड ती ब्लाउजमध्ये किंवा मोबाइलच्या कव्हरमागे ठेवणार. सापडलं तर तिला मार बसू नये, असं ते दिसायला हवं. ओआरएसशिवाय दुसरं औषध देऊ नका.

कॅमेरा बंद. देणगीदारांसाठी पाठमोरा फोटोसुद्धा नाही. हातावरच्या गोंदणावरून, पडद्याच्या रंगावरून घर ओळखता येतं. गल्लीचं नाव कुठल्याही लेखात, अहवालात येऊ देऊ नका. इथेही ते मुद्दामच दिलेलं नाही.

पहिल्या भेटी

आत गेल्यावर चहा येतो. स्टीलच्या पेल्यात किंवा कान तुटलेल्या कपात, बहुधा खूप गोड. पेला पुढे करताना ती तुमच्या बोटांकडे बघत असते: कडेला धरता की पूर्ण हातात घेता, ओठाला लावता की जमिनीवर ठेवून देता. तो चहा पूर्ण प्या. मधुमेह असेल तर तसं सांगा आणि पाणी मागून घ्या, पण त्या घरचं काहीतरी घ्याच. योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरच्या बाईशी प्रभूने बोलणं काढलं ते ‘मला प्यायला दे’ असं म्हणून. आधी त्याने तिच्याकडे मागितलं. बिस्किटांचे पुडे वाटत शिरणाऱ्या मंडळींकडून हेच सुटतं.

हाक कशी मारायची, हेही मराठी बायकांनी नीट लक्षात घ्यावं. आपल्याकडे वयाने मोठ्या बाईला मायेने ‘मावशी’ म्हणतात. या धंद्यात ‘मौसी’ म्हणजे बऱ्याच ठिकाणी कोठ्याची मालकीण, मुलींची कमाई घेणारी. एखाद्या पन्नाशीच्या, आता धुणीभांडी करून पोट भरणाऱ्या बाईला तुम्ही ‘मौसी’ म्हटलंत तर तिला ते लागतं. सगळ्यांना ‘दीदी’ म्हणा. खानदेशातून किंवा विदर्भातून आलेली असेल आणि ती मराठीत बोलली तर ‘ताई’. मराठी ऐकून एखादी खुलते, तर एखादी एकदम गप्प होते, कारण तुम्ही तिच्या गावच्या निघाल तर काय, ही तिला भीती असते. गाव कोणतं, हे कधीही विचारू नका. ‘या धंद्यात कशा आलात’ हेही विचारायचं नाही. सांगितलेलं नाव खरं आहे का, याच्याही वाटेला जाऊ नका.

मग बोलायचं काय? पाणी किती वाजता येतं, भाजी काय केली, पोराचा ताप उतरला का. मालकिणीशीही बोला, तिला टाळून आत जाता येत नाही. तिची खुशामत करू नका, तिच्याकडून पैसे किंवा वस्तू घेऊ नका आणि तिच्या कानावर दुसऱ्या कुणाची गोष्ट घालू नका. बहुतेक मालकिणी एकेकाळी याच खाटेवर होत्या.

माळव्यात आणखी एक गोष्ट कळली पाहिजे. रतलाम, मंदसौर, नीमच भागातल्या बांछडा समाजात घरातल्या मुलीने धंदा करून कुटुंब पोसायची रीत चालत आली आहे. अशा मुलीला खिलावडी म्हणतात. तिला बहुतेक वेळा कुणी पळवून आणलेलं नसतं. तिच्या पैशावर भावांची लग्नं होतात. अशा मुलीला ‘तुला यातून सोडवते’ म्हटलं तर तिला कळतच नाही की कुणापासून, आईबापांपासून? तिथे एकट्या मुलीशी बोलून भागत नाही, धाकट्या बहिणीच्या शाळेपासून सुरुवात करावी लागते. राज्य सरकारची जाबाली योजना अशा समाजांसाठीच आहे, महिला व बाल विकास कार्यालयात तिची चौकशी करा.

आजारपण आणि दवाखाना

विश्वास बसतो तो बहुतेक दवाखान्याच्या वाटेवर. इंदूरच्या सरकारी एम. वाय. हॉस्पिटलच्या रांगेत तिच्यासोबत तीन तास उभं राहणं हे तीस भेटींच्या तोडीचं आहे.

अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, फोड येणं यांसाठी सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. एचआयव्ही तपासणी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात. तिथे आधी समुपदेशन होतं आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तिच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकालही दुसऱ्याला सांगता येत नाही. तुम्हालाही नाही. बाहेर बाकावर बसा, ती सांगेल तेवढंच ऐका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी.

निरोध फाटला किंवा बळजबरी झाली तर घड्याळ महत्त्वाचं. एचआयव्ही रोखणारं पीईपी औषध जितकं लवकर तितकं चांगलं, पहिल्या दोन तासांत मिळालं तर उत्तम. ७२ तासांनंतर ते सुरू करण्यात अर्थ राहत नाही. गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ होते म्हणून बऱ्याच जणी सोडतात. तेव्हा रोज एक फोन करा.

निरोधाबद्दल काही मंडळ्यांना अडचण वाटते. माझं मत स्पष्ट आहे: एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्पाच्या ताई तिथे निरोध देतात, आजार समजावतात, त्यांच्या कामात लुडबुड करायची नाही आणि त्याविरुद्ध एक शब्द बोलायचा नाही. पापपुण्याच्या चर्चेसाठी तिचा जीव पणाला लावू नका. या ताईंशी पहिल्याच महिन्यात ओळख करून घ्या. कोण खरंच अडचणीत आहे हे त्यांना तुमच्याआधी माहीत असतं.

अल्पवयीन मुलगी दिसली तर

इथे विचार करत बसायचं नाही. अठराच्या आतली मुलगी धंद्यात आहे असं कळलं, तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. मात्र तिथेच आवाज चढवू नका, मुलीला हाताला धरून बाहेर आणू नका. नेहमीसारख्या उठा, बाहेर या, १०९८ किंवा ११२ ला फोन करा. घर, मजला, बाहेर पडायच्या वाटा आणि शेवटची पाहिल्याची वेळ सांगा. मुलगी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर जायला हवी. तिला रात्रभर पाळकांच्या घरी ठेवायची कल्पना कितीही प्रेमाची वाटली तरी करू नका; मुलांचं वसतिगृह नोंदणीशिवाय चालवणं गुन्हा आहे, आणि वकील न्यायालयात पहिला प्रश्न हाच विचारतो की रात्रभर ती कुणाच्या ताब्यात होती.

धाड घालणं हे पोलिसांचं काम. १९५६ च्या अनैतिक देहव्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार झडतीच्या वेळी किमान दोन महिला पोलीस लागतात. महिला पोलीस नसेल तर स्त्रीची विचारपूस मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला प्रतिनिधीसमोरच करता येते. तिथे तुमचा उपयोग होतो. सज्ञान स्त्रीची गोष्ट निराळी. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की पोलिसांनी तिच्याशी सन्मानाने वागावं आणि तिची ओळख बाहेर येऊ देऊ नये. स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान स्त्रीला धाडीत अटक करू नये, त्रास देऊ नये, आणि केवळ आई या धंद्यात आहे म्हणून मूल तिच्यापासून तोडू नये, या न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या शिफारशीही त्यात आहेत, पण त्यांवर केंद्र सरकारने हरकत नोंदवली होती. या आदेशाची हिंदी प्रत पिशवीत असू द्या.

बाहेर पडायचं म्हणते तेव्हा

ती म्हणते त्या दिवशी निर्णय झालेला नसतो; ती चाचपत असते. ‘देवाची स्तुती असो’ म्हणत गाडी काढू नका. कागद घ्या आणि तिच्यासोबत हिशेब मांडा. समजा खोलीचं भाडं ५,०००, सावकाराचा रोजचा हप्ता २०० म्हणजे महिन्याला ६,०००, गावी मुलासाठी ३,०००. जेवणाआधीच १४,००० झाले. यावर तुम्ही शिलाई मशीन दिलंत आणि फॉल-पिकोमधून तिला यातलं निम्मंही सुटेना, तर ती तिसऱ्या महिन्यात परत जाते, तेही तुम्हाला तोंड दाखवायला लाजून. अशा वेळी दोष तिचा नसतो, हिशेब मांडला नव्हता.

म्हणून क्रम असा ठेवा: कागदपत्रं, खातं, कर्ज, मूल, मग काम. आधार नसेल तर त्याच २०२२ च्या आदेशाप्रमाणे राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या किंवा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या (नाको) राजपत्रित अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर ते काढता येतं. पुरेसे कागद नसतील तर बँकेत ‘स्मॉल अकाउंट’ उघडता येतं. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा पुरतो. त्यात शिल्लक ५०,००० च्या वर नेता येत नाही. तिचे पैसे तुम्ही सांभाळायला घेऊ नका, अगदी विनवलं तरी. देहविक्रयाच्या कमाईवर जगणं हा गुन्हा आहे आणि तुमच्या कपाटातल्या पाकिटाचा अर्थ पोलीस कसाही लावू शकतात. कर्जाची रक्कम मंडळीने एकदम फेडू नये. महिन्याभरात तोच सावकार दुसरीला तुमच्याकडे पाठवतो. व्याज आणि मुद्दल वेगळं लिहून घ्या आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलासमोर बसवा.

रात्री अचानक बाहेर पडावं लागलं तर वन स्टॉप सेंटर: पाच दिवसांपर्यंत निवारा, तिथेच पोलीस, डॉक्टर, वकील. पुढे शक्ती सदन, म्हणजे अशा स्त्रियांसाठीचं सरकारी योजनेतलं निवारागृह. मंडळीला स्वतःचं घर काढायचं असेल तर आधी परवाना, मग कुलूप. आणि ते कुलूप आतून उघडणारं असावं.

मुलांसाठी संध्याकाळची खोली ही मंडळीला सहज जमण्यासारखी सेवा आहे. पाच ते नऊ, जेवण आणि गृहपाठ. नेहमी दोन मोठी माणसं हजर, ने-आण करणाऱ्याची सही वहीत, आईने सांगितलेल्या माणसाशिवाय कुणाच्या हाती मूल नाही. वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. अर्जात बापाच्या नावाचा रकाना आला की आईचा चेहरा उतरतो. प्रवेशाच्या दिवशी तिच्यासोबत जा आणि तुम्ही बोला. या मुलांना संडे स्कूलला न्यायचं तर आईची लेखी संमती हवी, आणि तीही जेवणाच्या बदल्यात घेतलेली नको.

वचन आणि प्रार्थना

ती विचारेल तेव्हा बोला. विचारते, फक्त वेळ लागतो: ‘तुम्ही का येता?’ इथे खोटा संकोच करू नका, मनातलं सांगा. वाचायला देण्यापेक्षा सांगा, कारण बऱ्याच जणींना वाचता येत नाही. लूक ७ मधली, शिमोन परूश्याच्या घरी प्रभूचे पाय आसवांनी भिजवणारी स्त्री. उत्पत्ती १६ मधली हागार, घराबाहेर पडलेली, जिने देवाला ‘मला पाहणारा’ म्हटलं. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या वंशावळीतली राहाब, जी वेश्या होती. योहान ८ मधली व्यभिचारात धरलेली स्त्री सांगताना तिला दगड मारायला निघालेल्या पुरुषांकडे बोट असू द्या. मग्दालेची मरीया वेश्या होती असं मात्र सांगू नका. शुभवर्तमानात तसं कुठेही नाही. नरकाच्या वर्णनाची गरज नाही.

प्रार्थना दोन मिनिटांची, तिच्या भाषेत, डोक्यावर हात ठेवायचा तर विचारून. आणि एक कळकळीची विनंती: तिची गोष्ट बुधवारच्या प्रार्थनासभेत नेऊ नका. ‘एका बहिणीसाठी प्रार्थना करा, तिला अमुक आजार आहे’ हा निरोप मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटातून दोन दिवसांत तिच्या गल्लीत पोचतो. ‘एका बहिणीसाठी’ एवढं पुरे. देवाला पत्ता माहीत आहे.

ती उपासनेला आली तर तिच्याशेजारी कोण बसणार हे आधी ठरवा. पुढे बोलावून ओळख करून देऊ नका, साक्ष द्यायला लावू नका, एक वर्षाने नाही आणि पाच वर्षांनीही नाही, जोवर ती स्वतः मागत नाही. बाप्तिस्मा मागितला तर वेळ जाऊ द्या, वकिलाला दाखवून ६० दिवसांच्या सूचनेचं पाहा, आणि त्या काळात तिला तुमच्याकडून कोणतीही नवी आर्थिक मदत सुरू करू नका.

मृत्यूची तयारीही ठेवावी लागते, आणि त्याबद्दल सगळेच गप्प बसतात. आजारी असलेल्या बाईला जवळची झाल्यावर विचारून ठेवा: कुणाला कळवायचं, कुणाला मुळीच नाही, आणि दफन की दहन. ती हिंदू म्हणून गेली तर दहनच. मुसलमान असेल तर तिच्या लोकांना बोलवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून दाखला घ्या, मागे मूल असेल तर दोन प्रती जास्त काढा. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेतून दरमहा ४,००० रुपयांच्या मदतीसाठी अर्ज करताना जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात हाच कागद लागतो.